परळात सापडलेली गोळी आपल्याला उशिरा का मिळते?

नायगावची_मनवा | रविवार, दुपारी ३:१०

लेक झोपली की जुने कागद आवरायचं काम काढते. आज माझ्या गरोदरपणाची फाईल हाती लागली. पहिल्याच पानावर 'नऊ आठवडे' आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात फॉलिक अ‍ॅसिड, रोज एक. मी शहाण्यासारखी शेवटपर्यंत घेतली होती. लेक दोन वर्षांची झाल्यावर कळतंय की ती गोळी मुख्यतः ज्यासाठी देतात, ते काम माझ्या पोटात तीन आठवडे आधीच आटोपलं होतं.

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवशी मिटते. डॉक्टर आठवडे मोजतात शेवटच्या पाळीपासून, म्हणजे त्यांच्या हिशेबाने तो सहावा आठवडा. पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. आपल्याकडे तोवर धड सासूलाही सांगितलेलं नसतं, दवाखाना तर लांबच. नळी नीट मिटली नाही तर बाळाचा कणा उघडा राहतो किंवा कवटीच तयार होत नाही. ते मिटणं सुरळीत व्हावं म्हणून फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहायच्या आधीपासून पोटात जायला हवं. माझी लेक ठणठणीत आहे, पण त्यात गोळीचा हात नाही.

वाचता वाचता दुसरी गोष्ट सापडली आणि मी उडालेच. ही सगळी कहाणी माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर सुरू झालीय. परळच्या हाफकिन संस्थेवरून मी कॉलेजला असताना रोज जायचे. हाफकिन म्हणजे प्लेगची लस आणि साप, एवढंच डोक्यात. १९२८ साली तिथे लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर आली. मुंबईच्या गरीब गरोदर बायकांना, त्यातही गिरण्यांच्या भागातल्या, एक भयंकर पंडुरोग होत होता. रक्त पार पातळ, त्यातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, आणि बाळंतपणाच्या आसपास मरण. तेव्हा पर्निशियस अ‍ॅनिमिया नावाच्या अशाच दुसऱ्या पंडुरोगावर यकृताचा अर्क हा नवा उपाय निघाला होता, पुढे त्याला १९३४ चं नोबेलही मिळालं. पण शुद्ध केलेला अर्क या बायकांना लागू पडत नव्हता, कच्चा अर्क मात्र पडत होता. म्हणजे यकृतात दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि शुद्ध करताना यांच्या कामाची नेमकी गाळली जात होती.

विल्सबाईंनी काय केलं, तर आधी या बायका खातात काय ते बघितलं. फळं, भाज्या, दूध जवळजवळ नाही. मग तेच जेवण उंदरांना घातलं, नंतर माकडांना. उंदरांच्या प्रयोगात गोचिडी की उवा कसल्याशा निघाल्या आणि त्यांच्यातून आलेल्या रोगाने अर्धा निष्कर्ष बोंबलला. तरी बाई मागे हटल्या नाहीत. शेवटी मार्माईट दिलं. मार्माईट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क, इंग्रज लोक पावाला लावून खातात. स्वस्त होता म्हणून निवडला. बायकांचं रक्त काही दिवसांत सुधारायला लागलं. १९३१ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. आत नेमकं काय आहे ते माहीत नव्हतं, म्हणून लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणायला लागले. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तोच पदार्थ वेगळा काढला आणि पानावरून लॅटिनमध्ये नाव दिलं, फॉलिक.

आता माझी तक्रार. सहाव्या महिन्यात माझ्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. दवाखान्यात सांगितलं तर 'होतं असं'. मी हट्टाने रक्त तपासलं तर बी-१२ निघालं १३२, म्हणजे कमी. मी शाकाहारी, दुधाचा चहा सोडून दूध नको वाटतं. शेवटपर्यंत फॉलिक अ‍ॅसिड रोज, आणि बी-१२ बद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दोन्ही जुळी भावंडं आहेत म्हणे. मग एकाचीच विचारपूस का? कुणी समजावेल का?


जुनाजाणता | रविवार, सायं. ५:०२

लेख चांगला. पण 'परळात सापडलेली गोळी' हे जरा जास्तच. परळात सापडला तो परिणाम. गोळी सापडली अमेरिकेत. शिवाय बाई मुंबईत टिकल्या किती, कुन्नूर आणि मद्रासलाही काम केलं की त्यांनी.


नायगावची_मनवा | रविवार, सायं. ५:२०

मान्य. शीर्षकात तेवढं परळचं प्रेम चालवून घ्या, काका.


डॉ_गोदाकाठ | रविवार, रात्री १०:४५

वीस वर्षं बाळंतपणं करतोय, तेव्हा थोडं लांबड लावतो.

आधी, गोळीने नळीचा दोष टळतो याचा पुरावा. सुरुवात इंग्लंडातल्या लीड्सच्या स्मिथेल्स यांच्या कामातून झाली, १९८० च्या सुमारास. पण त्यात गोळी कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, म्हणून लोक शंका काढत राहिले. शंका मिटली १९९१ मध्ये. सात देशांतली ३३ केंद्रं, आणि ज्यांच्या आधीच्या बाळाला हा दोष होता अशाच बायका. काहींना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, काहींना नाही. ज्यांचा निकाल कळला अशा १,१९५ गर्भारपणांत दोष निघाला २७ बाळांत. त्यातली गोळीवाली ६, बाकीची २१. धोका ७२ टक्क्यांनी कमी. इतका फरक दिसल्यावर प्रयोग मध्येच थांबवला, कारण उरलेल्या बायकांना गोळीविना ठेवणं पाप झालं असतं. पुढच्याच वर्षी हंगेरीतून उत्तर आलं की आधी काहीच त्रास नसलेल्या बायकांनाही याचा उपयोग होतो, तोही ०.८ मिलिग्रॅमच्या कमी मात्रेत.

म्हणून आज सल्ला असा: मूल हवं असं ठरलं की त्या दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला दोष असेल किंवा फिटचं औषध चालू असेल तर मोठी मात्रा, ती डॉक्टरांनीच ठरवायची.

आता जुळ्या भावंडांचं. पेशीला नवा डीएनए करायला फोलेट लागतं, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचंच कुटुंब. ते एका चक्रात फिरतं. चक्राच्या एका वळणावर बी-१२ उभं असतं. ते नसेल तर फोलेट एका रूपात अडकून पडतं, पुढे सरकतच नाही. रक्तात भरपूर, कामाला शून्य. टोल नाक्यावर सुट्टे नसलेल्या गाडीसारखं. मग दोन्हीच्या कमतरतेत रक्ताचं चित्र सारखंच दिसतं, मोठ्या तांबड्या पेशी. आणि वरून भरपूर फॉलिक अ‍ॅसिड ओतलं तर रक्त सुधारतं, पण बी-१२ च्या कमतरतेने नसांचं होणारं नुकसान चालूच राहतं. तुमच्या पायाच्या मुंग्या मी तरी 'होतं असं' म्हणून सोडल्या नसत्या.

एक बाजू डॉक्टरांचीही. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, बी-१२ वाहून नेणारं प्रथिनही कमी होतं, त्यामुळे आकडा एरवीपेक्षा खालीच येतो. १३२ हा आकडा गरोदर बाईत आणि एरवी बाईत सारखा वाचायचा नसतो. पण मुंग्या आणि आकडा दोन्ही असतील तर थांबायचं कारण नाही.


एडिसनचा_बंड्या | सोमवार, सकाळी ६:३०

आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेत, १९९८ पासून मैद्यात फॉलिक अ‍ॅसिड घालणं सक्तीचं आहे, १०० ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम. बाई गोळी विसरली तरी पावातून थोडं जातं. बायको गरोदर होती तेव्हा मी हे अभिमानाने सांगितलं, तर तिच्या डॉक्टरने विचारलं, तुम्ही पाव खाता का? आम्ही खातो देशी दुकानातल्या दहा किलोच्या पिशवीतल्या आट्याच्या पोळ्या. सक्ती आहे ती पांढऱ्या, 'एनरिच्ड' लिहिलेल्या पिठाला. गव्हाच्या आट्याला नाही. पिशवी उलटीपालटी करून बघितली, घटक एकच: गहू. म्हणजे मराठी माणूस अमेरिकेत येऊनही पोळीमुळे योजनेच्या बाहेर :)


रसायनपंडित | सोमवार, सकाळी ९:१५

गोळीच्या कहाणीत एक नाव राहिलं. फॉलिक अ‍ॅसिड कारखान्यात बनवायची रीत १९४५ च्या सुमारास लेडर्ली कंपनीत ज्यांच्या हाताखाली निघाली, ते होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. बायका परळच्या, पदार्थ इंग्रजी यीस्टमधला, रसायनज्ञ तेलुगू, कंपनी अमेरिकन. सुब्बारावांच्याच चमूने फॉलिक अ‍ॅसिडसारखं दिसणारं पण त्याचं काम अडवणारं औषधही बनवलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर त्याचा पहिला वापर १९४७-४८ मध्ये झाला. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं.


शांत_संध्या | सोमवार, दुपारी १:४०

मेथोट्रेक्सेटचं नाव वाचून थबकले. इथे कधी लिहिलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी माझा गर्भ गर्भाशयात न रुजता बीजवाहिनीत रुजला होता. लवकर लक्षात आलं म्हणून ऑपरेशन टळलं, मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन दिलं. फॉलिक अ‍ॅसिड चालू होतं ते त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. मला तेव्हा राग आला होता. ज्या गोळीला सगळे बाळासाठी म्हणतात तीच हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. कारण कुणी सांगितलं नाही. आज कळलं की इंजेक्शन फोलेट अडवूनच त्या पेशींची वाढ थांबवतं, मग वरून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखंच. पुढे तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत असंही सांगितलं होतं, आणि मग पुन्हा फॉलिक अ‍ॅसिड. त्या गोळीच्या पट्टीकडे मी बराच वेळ नुसती बघत बसले होते.


नायगावची_मनवा | सोमवार, दुपारी २:०५

संध्या, लिहिलंस ते बरं झालं. सवडीने व्यक्तिगत निरोप कर.


आजऱ्याची_आशा | सोमवार, रात्री ८:५०

मी आशा म्हणून काम करते, बारा वर्सं झाली. इथं सगळे शिकलेले दिसतात, पण गावात काय होतंय ते सांगते.

शाळेतल्या पोरींना आठवड्याला एक निळी गोळी, गरोदर बाईला रोजची लाल. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. पण ती सुरू होते चौथ्या महिन्यापासनं, १८० दिवस. आधीची नुसती फॉलिकची गोळी आमच्याकडं येते, पण बाई आम्हाला सांगंल तेव्हा ना! तीन महिने झाल्याशिवाय सांगायचं नाही, दृष्ट लागती. नव्या सुनेला 'गोळी घे, दिवस राहायच्या आधी' म्हणायला गेलं तर सासू विचारती, म्हणजे हिच्यात काही दोष हाय काय? मी आता लग्नाच्या नोंदीला जाते तेव्हाच पुडी देते आणि नवऱ्यासमोर देते. म्हणजे लपवाछपवी राहत नाही.

दुसरं रेशनच्या तांदळाचं. त्यात शंभर दाण्यांमागं एक दाणा वेगळा यायला लागला, लोह, फॉलिक आणि बी-१२ घातलेला. धुताना तो वर तरंगतो. बायका म्हणाल्या प्लास्टिकचा तांदूळ, आणि वेचून कोंबड्यांना घातला. आमच्या गावच्या कोंबड्यांचं बी-१२ चांगलं असणार. मी अंगणवाडीत तोच तांदूळ शिजवून सगळ्यांपुढं खाल्ला तेव्हा निम्म्या घरांत वेचायचं थांबलं.


डॉ_गोदाकाठ | सोमवार, रात्री ११:२०

आशाताई, नवऱ्यासमोर पुडी, हे मी उचलणार.

त्या तांदळाचा हिशेब मात्र डोळ्यांसमोर असू द्या. किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२, असं प्रमाण आहे. बाईने दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाल्ला तर ३० ते ५० मायक्रोग्रॅम फॉलिक. गोळीच्या ४०० पुढे काहीच नाही. तांदूळ खाते म्हणून गोळी सोडू नये.


जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ७:१०

आमच्या आईला सात मुलं झाली. डिंकाचे लाडू, अळीव, मेथी. एकही गोळी नाही. निसर्गात सगळं आहे.


वाटाणा | मंगळवार, सकाळी ७:४८

काका, मेथीत फोलेट आहे, मान्य. पण आम्ही भाजी उकळून पाणी फेकतो, त्यात निम्मं जातं, उष्णतेने आणखी. आणि बी-१२ वनस्पतीत नसतंच. ते जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत दूध, अंडी, मासे, मटणातून पोचतं. अळिवात लोह असेल, बी-१२ नाही. डिंकाच्या लाडवातही नाही, लाडू कितीही चांगला लागला तरी.

मला स्वतःला पीसीओएस, म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोनचा त्रास आहे. पाळी नियमित व्हावी म्हणून मेटफॉर्मिन पाच वर्षं चालू. त्याने बी-१२ चं शोषण कमी होतं हे मला यूट्यूबवर कळलं. एका प्रश्नासाठी औषध, त्यातून दुसरा प्रश्न, आणि मूल हवं म्हणून वर फॉलिक अ‍ॅसिड. मी तर नेमकी त्या टोल नाक्यावरच उभी आहे.


डॉ_गोदाकाठ | मंगळवार, दुपारी २:३०

वाटाणा, मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. वर्षातून एकदा बी-१२ तपासायला सांगा, तेवढं पुरे.


पुणेरी_मिसळ | मंगळवार, रात्री ९:३०

मनवाच्या मूळ प्रश्नाचं, म्हणजे एकाचीच विचारपूस का, निम्मं उत्तर आमच्या पुण्यात आहे आणि त्याची चर्चा इथे झालीच नाही, म्हणून हा मोठा प्रतिसाद.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे डॉक्टर. तरुण आणि सडपातळ माणसांना मधुमेह होतो कसा, हा त्यांचा प्रश्न. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत बायका गरोदर राहायच्या आधीपासून त्यांच्या मागे लागायचं ठरवलं. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउथहॅम्प्टनची ३.५ ची. वजन कमी, स्नायू कमी, पण चरबी तितकी कमी नाही. याला ते 'बारीक पण जाड' बाळ म्हणतात.

गरोदरपणातलं रक्त जपून ठेवलं होतं. ते तपासलं तर सुमारे दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी, आणि फोलेटची कमतरता जवळजवळ कुणातच नाही! पालेभाजी खात होत्या, वर सरकारी गोळी. विल्सबाईंच्या परळातल्या बायकांच्या अगदी उलटं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात इन्शुलिनला दाद न देणं किती आहे ते बघितलं. ज्यांच्या आयांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत ते सर्वांत जास्त. २००८ मध्ये हे छापून आलं आणि गोंधळ उडाला, कारण बाकी जगात फॉलिक अ‍ॅसिड म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं.

आता कुणी म्हणेल, मग फॉलिक अ‍ॅसिड वाईट. तसं नाही. हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. शाकाहारी बाईच्या बाकीच्या जेवणात, कष्टात, घरात शंभर गोष्टी वेगळ्या असतात. पण म्हणूनच याच घरांतली मुलं मोठी झाल्यावर, २०१२ पासून, पौगंडात आलेल्या मुलामुलींना चिठ्ठ्या टाकून बी-१२ द्यायला सुरुवात झाली. प्रिया नावाचा प्रयोग. मुलग्यांनाही दिलं हे मला आवडलं. बापाच्या बी-१२ चा विचार करणारे आपल्याकडे किती?

मुंबईतही असाच प्रयोग झाला, २००६ ते २०१२, झोपडपट्ट्यांतल्या बायकांवर. गोळी नाही, रोज एक खाऊ: पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला. दिवस राहायच्या आधीपासून. सगळ्या बाळांचं वजन धरलं तर फारसा फरक नाही. पण ज्यांनी किमान तीन महिने आधी सुरुवात केली त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅम जड. आणि गरोदरपणातला मधुमेह १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर. पुन्हा तेच, 'आधी'. पाळी चुकल्यावर नाही.


रसायनपंडित | मंगळवार, रात्री ९:५५

फारच छान, मिसळ. एक शंका. परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की अर्ध्या भारतीयांच्या जनुकात दोष आहे, साधं फॉलिक अ‍ॅसिड चालतच नाही, 'सक्रिय' फोलेटच घ्यावं. किंमत बघितली तर साध्याच्या दहापट.


डॉ_गोदाकाठ | बुधवार, सकाळी ८:१०

ते एमटीएचएफआर नावाचं जनुक. त्याचा थोडा मंद प्रकार असतो अनेकांत, त्याने फोलेट काहीसं कमी राहतं, एवढं खरं. पण १९९१ चा तो ७२ टक्क्यांचा निकाल साध्या, स्वस्त फॉलिक अ‍ॅसिडनेच आला. 'सक्रिय' गोळीने नळीचे दोष टळतात असं दाखवणारा तसला प्रयोग मी पाहिलेला नाही. पैसे वाचवा, त्या पैशांची अंडी किंवा दूध घ्या. पेलाभर दुधात एक मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असतं.


जुनाजाणता | बुधवार, सकाळी ८:४०

सातांतली चार जगली. ते लिहायचं राहिलं होतं. नातीचं लग्न फेब्रुवारीत आहे, तिच्या आईला हा धागा पाठवतोय. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतं का?


आजऱ्याची_आशा | बुधवार, दुपारी १२:०५

मिळतं, काका. उपकेंद्रात फुकट मिळतं. नातजावयासमोर द्या.


नायगावची_मनवा | बुधवार, दुपारी ३:३०

सगळ्यांचे आभार. एक राहिलं, ते मिसळला विचारते. तो मुंबईतला खाऊ घरी करता येतो का? पालेभाजी, फळ आणि दूध एकत्र, म्हणजे नक्की काय करायचं? माझ्या डोक्यात नुसतं पालकाचं शिकरण येतंय आणि ते लेक फेकून देणार.